हिरव्या दोऱ्याचं तोरण

शेलूबाजार,
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू माझा नंबर तुझ्या मोबाइलवर बंद करून ठेवला आहेस, असं आमच्या सूनबाईनं परवा सांगितलं. मी दोन वर्षं समजत होते की अनसिंगला रेंज नसते. पोस्टमनला बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाड. निदान कागद कशासाठी वाया गेला ते कळेल.

इकडे सगळं ठीक. विनोद सोयाबीनच्या मागे आणि पल्लवी विनोदच्या मागे, असं चाललं आहे. तुझ्या दादाचा गुडघा दुखतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि झीज आहे म्हणून सांगितलं. ती मला एक्स-रे न काढताही दिसत होती.

भुलाबाई परवा बसल्या. यंदा मी नियम केला आहे. ज्वारीचे पाच धांडे शेतातून आले, ते सोडून मखराला आणि कोजागिरीच्या सजावटीला एकही नवी वस्तू विकत आणायची नाही. जी वस्तू एकदा वापरून कुणीतरी टाकून दिली, तीच चालेल. आपल्या भुलाबाईच्या अकरा जणींनी होकार दिला. मी त्यांना विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, तरी दिला.

आता मुद्द्याचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही जीपभर बायका कोजागिरीला तुझ्याकडे आलो, तेव्हा तुझ्या थर्माकोलच्या मखराकडे पाहून, हे मखर आहे की टीव्हीच्या खोक्यातलं पॅकिंग, असं मी विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. अकरा जणींसमोर विचारायला नको होता, एवढं मान्य करते. पण हे या पत्रापुरतं. कुणाला दाखवू नकोस.

कोजागिरी सहा ऑक्टोबरला, सोमवारी आहे. मी तुला ये म्हणत नाही. भुलाबाई महिनाभर माहेरी येऊन बसते, तिला कोणी चिठ्ठी पाठवत नाही. फक्त दुधाचे पेले किती मांडायचे ते आधी कळलं तर बरं.

घरात काही टाकाऊ असेल तर शेलूबाजारच्या जीपवाल्याबरोबर पाठव. जुन्या लग्नपत्रिका चालतील, बांगड्या अखंड असतील तर चालतील. थर्माकोल असेल तर तुझ्याकडेच राहू दे.

माझा लोभ होता तिथेच आहे. तुझा किती उरला ते पाहून कळव.

तुझी वहिनी,
प्रयाग

*

अनसिंग,
दि. १३ सप्टेंबर २०२५

ती. सौ. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फाडलं नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर किराण्याची यादी केली. तुमच्या नियमात बसतं.

तुमचा नंबर मी बंद केला हे खरं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी थर्माकोलनं जमिनीचं काय नुकसान होतं याचे तुम्ही मला सात व्हिडिओ पाठवले होते. सातवा पूर्ण पाहिला, मग बंद केला.

माझ्या सासूबाई तुमच्या त्या प्रश्नावर सगळ्यांत मोठ्यानं हसल्या होत्या, आठवत असेल. त्या अजून हसतात. घरात कुकरचं खोकं येवो की चपलांचं, त्या ओसरीतून सांगतात की ज्योत्स्ने, तुहं मखर आलं पाय. दोन वर्षं झाली, वहिनी. मी खोकी मागच्या दारानं आत घेते.

मखर दुकानातलं होतं. पण ते मी का आणलं हे तुम्ही विचारलं नाही. सासूबाई त्या आठवड्यात वाशीमला दवाखान्यात होत्या. मी रोज डबा घेऊन जात होते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत होते. हातानं काही करायला एक दिवस मिळाला नाही. शेवटच्या दिवशी येताना ते मखर काखेत धरून उभ्यानं आणलं, कारण तुम्ही येणार होता आणि भुलाबाई उघड्यावर दिसायला नको होती. सासूबाई कोजागिरीच्या सकाळी घरी आल्या आणि संध्याकाळी तुमच्या बोलण्यावर हसल्या. त्यांना इतकं बरं वाटलं याचा मला आनंदच आहे.

मला माहेरी यायचं आहे. मागच्या वर्षी आले नाही ते सुखानं नाही. पण माझी एक अट आहे. ज्या अकरा जणींसमोर बोललात, त्याच अकरा जणींसमोर शब्द मागे घ्या. पत्रातलं चालणार नाही. पत्र तुम्हीच कुणाला दाखवू नको म्हणता.

जीपवाल्याजवळ थैली दिली आहे. लग्नपत्रिका आहेत, ह्यांची मोडकी छत्री आहे आणि अकरा बांगड्या आहेत. बारावी फुटली.

तुमच्यावरचा लोभ पाहिला. भरपूर आहे, पण कुलपात आहे. किल्ली तुमच्याजवळ.

तुमची,
ज्योत्स्ना

*

शेलूबाजार,
दि. १८ सप्टेंबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

थैली पोचली. जीपवाल्यानं ती पायाखाली ठेवून आणली, म्हणून त्याला जे सांगायचं ते सांगितलं आहे.

दवाखान्याचं मला माहीत नव्हतं. तू सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही हेही खरं. तेवढं वाक्य मी दोनदा वाचलं. आता पुढे.

काम जोरात आहे. तुझ्याकडच्या लग्नपत्रिकांचे कंदील झाले. कातरताना नावं वाचली तर निम्म्या नवऱ्या माझ्या वर्गात शिकलेल्या निघाल्या. तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या वह्या तपासल्या, त्यांची लग्नं आज मैद्याच्या खळीनं चिकटवते आहे. तुमच्या मोडक्या छत्रीचं कापड काढून टाकलं आणि काड्या उलट्या टांगल्या. प्रत्येक काडीला लोकर गुंडाळलेली एकेक बांगडी. झुंबर म्हणून चांगलं दिसतं. बारावी काडी रिकामी आहे. विनोदनं सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या फेकल्या होत्या, त्या आतून चांदीसारख्या असतात. धुऊन, उलट्या करून त्यांच्या चांदण्या कातरल्या. पल्लवी म्हणाली की आई, मॉलमध्ये अशाच असतात. मी म्हटलं, मॉलवाले बियाण्याच्या पिशव्या धूत असतील.

तुझ्या दादाच्या एक्स-रेचाही कंदील केला. आत दिवा लावला की गुडघा स्वच्छ दिसतो. त्यांनी तक्रार केली. मी सांगितलं की डॉक्टरांनी वापरून झालेली वस्तू आहे, नियमात बसते.

आता ऐक. नानीबाई भांडेवाली तुला माहीत आहे. घरोघर जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देते आणि त्यातले बरे कपडे आठवडी बाजारात ढीग लावून विकते. तिच्या ढिगात मला एक साडी मिळाली. नानीबाई मधेच काहीतरी सांगू लागली होती. भाव पाडला की या लोकांना बोलणं सुचतं. मी ऐकत बसले नाही. साडी घरी आणून पट्ट्या काढल्या, तिपेडी वेणी घातली आणि दारभर तोरण केलं.

तुझी अट मला मान्य आहे, पण माझ्याही अटीवर. कोजागिरीला खिरापत ओळखण्याआधी तोरण ओळखायचं. ते कुणाच्या साडीचं आहे, हे अकरा जणींसमोर तू मोठ्यानं आणि बरोबर सांगितलंस, तर मी तिथल्या तिथे माझे शब्द मागे घेईन. सांगितलं नाहीस, तर तू तुझा राग मागे घ्यायचा आणि पुन्हा काढायचा नाही.

आणखी एक. विनोदच्या लग्नात आपण दोघींनी सारख्या साड्या घेतल्या होत्या, वांगी रंगाच्या, मोहरी काठाच्या. तुझी नेसून ये. मीही माझी नेसेन म्हणते. तुझी तुझ्याकडे असेलच.

किल्ली मिळाली. कुलूप कुठलं आहे ते येऊन दाखव.

तुझी वहिनी,
प्रयाग

*

शेलूबाजार,
२३ सप्टेंबर

चि. ज्योत्स्ना,
दादाचे लय आशीर्वाद.

तुही वैनी मंगरूळले बँकेत गेली हाय. थे वापस याच्या आंधी हे पत्र लिवून पोस्टात टाकाचं हाय, मनून गोठ सरळ सांगतो.

पयले माह्या गुडघ्याचं. सांजच्याले लाइट लावते आन आल्यागेल्याले काडीनं दाखवते का झीज इथं हाय. डाक्टरनंबी मले इतकं समजावून नव्हतं सांगतलं. काल दूधवाला पाहून गेला आन आज मले इचारते, काका, तेल लावून राह्यले का नायी.

आता खरी गोठ. बाजारातून आनलेली थे साडी तुही हाय, असं तुह्या वैनीचं मत हाय. इनोदच्या लग्नातली, वांगी रंगाची. तुले याद असन, दोनी साड्यांचे फॉल तिनंच हातानं लावले होते. जांभळा दोरा सरला मनून एका साडीच्या फॉलाले टोकाशी ईतभर हिरव्या दोऱ्यानं शिवलं होतं. बाजारातल्या साडीले थोच हिरवा दोरा निंगाला. थे म्हनते का हिरव्या दोऱ्याची साडी ज्योत्स्नाची, आन तिनं माह्या हातची साडी एका गंजा-पातेल्यासाठी भांडेवालीले देऊन टाकली. मी म्हनलं, आंधी तुही पेटी तं पाय. म्हने, पाहाची गरज नायी, मले पाठ हाय.

मनून थे अट घातली. तू वळखलं तं अकरा बायांसमोर तुलेच सांगा लागन का हे माही साडी, मीच देली. नायी सांगतलं तं तुहा राग गेला. दोनीकडून तुलेच पकडलं. आन वरून थेच साडी नेसून ये म्हनते. लिफाफा चिकटवून एकटीच हासत होती.

तू काहून देली, माय? देली असन तं मले सांग. मी वाशीमची सारी दुकानं पालथी घालून तशीच दुसरी आनतो, गुडघा गेला खड्ड्यात.

एक सांगतो, थे तुले सांगनार नायी. मागच्या कोजागिरीले तिनं तुह्या नावाचा पेला मांडला होता. तू नायी आली. थो पेला ओट्याच्या कठड्यावर तसाच राह्यला, जाड साय धरली. मी हात लावाले गेलो तं डोये वटारले. सकाळी मांजरीले टाकलं आन म्हने दूध नासलं होतं. मी चाखून पायलं होतं. नासलं नव्हतं.

पत्र वाचून चुलीत घाल. लोभ काय लिवू, तुले सारं मायीतच हाय.

तुहा दादा,
जगदेव

*

अनसिंग,
२६ सप्टेंबर

ती. दादास,
तुह्या दोनी गुडघ्यांले नमस्कार.

पत्र मियालं. तुले वाशीमची दुकानं पालथी घालाची गरज नायी. साडी माह्याजवळ हाय. हे लिवून राह्यली तं मांडीवरच हाय. फॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळाच हाय. एक टाका हिरवा नायी.

हिरव्या दोऱ्याची साडी वैनीची सोताची. थे इसरली, मी नायी इसरली. लग्नाच्या आदल्या दिवशी दोरा सरला, दुकानं बंद झालती, घरात पावने भरले होते. मी म्हनलं होतं, वैनी, हिरवीवाली मले द्या, फॉलाच्या आत कोन पायते. तुले तिचा सभाव मायीत हाय. माह्या हातातून साडी वढून घेतली आन म्हने का नणंदेच्या अंगावर माहं अर्धं काम नायी पायजे, अर्धं मी वापरीन. पुरी शिवलेली मले देली.

या दोन वर्सात जवा जवा तिचा लय राग आला, तवा मी थे साडी काढून फॉल पायला. मंग राग अर्धा होये. पुरा नायी होये, अर्धाच.

आता मले सांग, तिची साडी नानीबाईच्या ढिगात कशी गेली? तू नानीबाईले गाठ आन इचार. वैनीजवळ एक शब्द बोलू नको. बोलला तं तुह्या दुसऱ्या गुडघ्याचा फोटो मी सोता काढून पाठवीन, तिले कंदिलाची जोडी होईन.

तुही,
ज्योत्स्ना

*

शेलूबाजार,
२९ सप्टेंबर

चि. ज्योत्स्ना,
आशीर्वाद.

नानीबाईले गाठलं. साडी आपल्याच ओट्यावरून गेली. उन्हायात तुह्या वैनीनं घर साफ केलं. दोन वर्स जे वापरलं नायी थे घरात ठेवाचं नायी, हा तिचाच कायदा. जुन्या पडद्याचं गठुडं बांधून तिनं सोताच्या हातानं नानीबाईले देलं. त्या पडद्याच्या घडीत साडी होती. कसर लागू नये मनून तिनंच तवा पडद्यात गुंडाळून ठेवली होती.

नानीबाई म्हने, मी बाजारात सांगतच होती का बाई, हे तं तुमच्याच घरची साडी, पन बाईनं मले बोलूच नायी देलं. भाव करत राह्यल्या.

आनखी आयक. त्या गठुड्याच्या बदल्यात एक मोठा कडीचा डबा घेतला होता. त्याच डब्यात थे आता कोजागिरीची खिरापत भरनार हाय.

मी गप हाय. चाळीस वर्सात पयल्यांदा मले तिच्यापक्षा जास्त मायती हाय. कोजागिरीपर्यंत मजा घेतो.

जगदेव

*

अनसिंग,
दि. ३ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याचं सोनं जीपवाल्याबरोबर पाठवते आहे. पानं सुकली तरी सोनं म्हणून घ्या.

तुमची अट मला मान्य आहे. सोमवारी दुपारच्या जीपनं येते. बारा पेले मांडा.

साडीचं काय सांगू. दिवाण उघडून पाहते आहे. इतक्या वर्षांत कुठली वस्तू कुठे जाते, कोण कुणाला देऊन टाकतं, आपल्यालाही आठवत नाही. सापडली तर नेसून येईन. नाही सापडली तर तुम्ही मोठ्या मनानं समजून घ्याल, याची मला खात्री आहे.

खिरापतीचा डबा मोठा घ्या. या वेळी ओळखायला पुष्कळ आहे.

बाकी लोभ भेटीत.

तुमची,
ज्योत्स्ना

*

शेलूबाजार,
दि. ८ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल जीपमध्ये बसताना तू म्हणालीस की अकरा जणींसमोर झालं ते झालं, पण बारावी अनसिंगच्या ओसरीत बसली आहे आणि तिच्यासाठी लेखी पाहिजे. म्हणून घडलं ते सगळं क्रमानं लिहिते. हे पत्र तुझ्या सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. त्यांना कमी ऐकू येतं असं त्या म्हणतात, माझ्या टीव्हीच्या खोक्याच्या वेळी त्यांना सगळं ऐकू आलं होतं.

सासूबाई, तुमची सून सोमवारी दुपारी इथे आली ती अंगाला शाल गुंडाळून. ऑक्टोबरच्या दुपारी शाल पाहून मी समजले की साडी नाही, म्हणून झाकपाक चालली आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी शिऱ्याला जास्त तूप घातलं, आणि माझी साडी तोरण ओळखून झाल्यावर नेसू म्हणून पेटी उघडलीच नाही.

संध्याकाळी भुलाबाईची गाणी झाली. चंद्र वर आला, दूध आटलं. मी तोरणाखाली उभी राहून सगळ्यांना ते ओळखायला सांगितलं. कुणी माझ्या वारलेल्या सासूबाईंचं नाव घेतलं, कुणी पडदा म्हणालं, एकीनं बँडवाल्यांचा कोट म्हणून सांगितलं. तोवर तुमच्या सुनेनं शाल काढली. आत वांगी रंगाची साडी. मला वाटलं, हिनं दुसरी विकत आणली. इतकी खात्री मला माझी होती.

मग तिनं काठ उलटून फॉल दाखवला. सगळा जांभळा. नंतर माझ्या तोरणाचं टोक हातात घेऊन तिथला हिरवा दोरा दाखवला. आणि मोठ्यानं, बरोबर, माझ्या अटीप्रमाणे सांगितलं की ही साडी प्रयागवहिनींची आहे.

मी म्हटलं की शक्य नाही, आणि आत जाऊन कोठीतली पेटी उघडली. साडी ज्या पडद्यात होती तो पडदाच नव्हता. मी सगळी पेटी उपसली. बाहेर आले तर जगदेवरावांनी खिरापतीचा डबा माझ्यासमोर धरला आणि आधी डबा ओळख म्हणाले. मग मला उन्हाळ्यातलं गठुडं आठवलं. नानीबाई बाजारात काय सांगत होती तेही कळलं. हे गृहस्थ चाळीस वर्षांत माझ्यासमोर इतके हसले नव्हते. त्यांच्या गुडघ्याचा कंदील मी त्याच क्षणी उतरवणार होते, पण बायकांनी उतरवू दिला नाही.

मग मी शब्द मागे घेतले. ज्योत्स्नाचं मखर हे मखरच होतं, टीव्हीचं पॅकिंग नव्हतं. ते तिनं दवाखान्यातून येताना उभ्या प्रवासात काखेतून आणलं होतं. मी न विचारता बोलले आणि चूक माझी होती. हे मी सोमवारी अकरा जणींसमोर म्हटलं, आज तुमच्यासमोर लिहिते आहे. सासूबाई, आता खोक्यांवर हसणं बंद करावं, ही नम्र विनंती. हसायचंच असेल तर तुम्हाला तोरण पाठवते, त्यावर हसा.

इथपर्यंत त्यांना वाचून दाखव. पुढचं तुझ्यासाठी.

नणंदेच्या अंगावर माझं अर्धं काम नको, असं मी तेव्हा म्हणाले होते, हे तू सगळ्यांना सांगितलंस. मी तेव्हापासून आठवते आहे. मला ते वाक्य आठवत नाही, ज्योत्स्ना. टीव्हीच्या खोक्याचं मात्र शब्दन् शब्द आठवतं. तू दोन्ही जपून ठेवलीस, मी एकच.

आज सकाळी पेटी लावायला घेतली. तिथे रिकाम्या जागी तुझी साडी घडी करून ठेवलेली. तू पल्लवीची साडी नेसून निघालीस तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी विचारलं नाही, हा माझा जुनाच दोष. मी ती तुला परत पाठवणार नाही. या घरातून साडी घेतली की भांडं द्यायची पद्धत आहे, म्हणून तो कडीचा डबा या पत्राबरोबर जीपवाल्याच्या हाती देते आहे. या वेळी मांडीवर ठेवून आणायला सांगितलं आहे. उरलेली खिरापत त्यातच आहे. छत्रीच्या झुंबराची बारावी काडी रिकामी होती, तिला मी माझ्या हातातली एक बांगडी अडकवली.

साडीत थोडी दुरुस्ती केली आहे. फॉलच्या टोकाचा वीतभर जांभळा दोरा उसवून तिथे हिरवा घातला. आता ती माझी आहे हे कुणालाही ओळखता येईल, मलासुद्धा. पुढच्या कोजागिरीला ती नेसून अनसिंगला येईन. मखर कशाचंही कर. मी आधी तुला विचारीन, मग मखर पाहीन.

माझा नंबर सुरू कर. व्हिडिओ पाठवणार नाही. एखादा फार महत्त्वाचा असला तरच.

लोभ कुलपात ठेवू नकोस. दोन वर्षं वापरली नाही की या घरातून वस्तू कुठे जाते, ते तू पाहिलंसच.

तुझी वहिनी,
प्रयाग